खान्देशातून रेसिंगकडे: आमच्या गॅरेजवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्याला आग्रा रोडवर आमचं गॅरेज आहे. वडिलांनी ट्रकचे पाटे बदलण्यापासून सुरुवात केली आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढे काही वर्षं रॅलींच्या सर्व्हिस क्रूमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या टोळीत राबलो, चेन्नईच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून ड्रायव्हरांना इशारे देणारे झेंडेही धरले. हे आजूबाजूला कळल्यापासून महिन्यातून दोन-तीन बाप तरी पोराला घेऊन येतात. कुणी शिरपूरचा, कुणी चोपड्याचा, कुणी थेट शहाद्याहून. "पोऱ्याले गाडीनं याड शे, काय करू?" हा पहिला प्रश्न. पुढचेही जवळपास ठरलेलेच असतात, म्हणून सगळे इथे लिहून ठेवतो.

खान्देशातून रेसिंगमध्ये जाता येतं का? इथे तर ट्रॅकच नाही.

ट्रॅक नाही, हे खरं. सर्किट रेसिंगसाठी चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ही मुख्य ठिकाणं. महाराष्ट्रात कार्टिंग, म्हणजे छोटी उघडी रेसगाडी चालवणं, शिकायचं तर कोल्हापूर. तिथली मोहिते रेसिंग अकादमी जुनी आहे आणि कोल्हापूरची पोरं राष्ट्रीय स्पर्धांत नियमित दिसतात.

पण अंतराचं दुःख फार करू नका. नंदुरबार, जळगाव किंवा भुसावळला नवजीवन एक्सप्रेस पकडली की गाडी न बदलता चेन्नई. मी किती वेळा स्लीपरने गेलोय, मोजलेलं नाही. आणि हरित नोआ कुठला, ते बघा. केरळमधलं शोरनूर. आपल्या भुसावळसारखंच रेल्वे जंक्शनचं गाव. तिथला हा पोरगा २०२४ च्या डकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, बाइकवर अव्वल वर्गाच्या खालच्या रॅली २ वर्गात पहिला आला आणि एकूण क्रमवारीत अकरावा. डकारमध्ये वर्गविजेता ठरलेला तो पहिला भारतीय.

नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनपर्यंत नेमका कसा पोहोचला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण या गोष्टीत मारुती ८०० आहे.

कोइम्बतूरला एस. करिवर्धन नावाचे उद्योजक होते. रेसची परदेशी गाडी आणणं परवडत नाही, हे ओळखून त्यांनी मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन बसवून एक आसनी रेसकार बनवली. तीच फॉर्म्युला मारुती. ज्या इंजिनाचं हेड आम्ही धुळ्यात डोळे मिटून उतरवतो, त्यावर देशातली एक अख्खी पिढी रेसिंग शिकली. कोइम्बतूरच्या ट्रॅकला 'कारी' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

नारायणचा जन्म १९७७ चा. वडील जी. आर. कार्तिकेयन स्वतः नावाजलेले रॅली ड्रायव्हर, त्यामुळे घरात वातावरण होतं. फॉर्म्युला मारुतीत तो पुढे आला, १९९२ मध्ये फ्रान्सच्या एल्फ विनफिल्ड रेसिंग स्कूलला गेला. १९९४ ला इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका जिंकली, १९९६ ला फॉर्म्युला एशिया. २००१ मध्ये जॅग्वार संघाने त्याला फॉर्म्युला वन गाडीची चाचणी दिली. इतकं झाल्यावर लगेच जागा मिळायला हवी होती ना? ती मिळाली २००५ मध्ये, जॉर्डन संघात. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. मधली चार वर्षं तो इतर मालिकांत गाडी चालवत राहिला आणि प्रायोजक शोधत राहिला.

त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत मिशलिन टायरवाल्या संघांनी सुरक्षेच्या कारणावरून माघार घेतली आणि सहाच गाड्या धावल्या. त्यात तो चौथा आला, ५ गुण मिळाले. लोक म्हणतात, सहाच तर होत्या. मी म्हणतो, त्या दिवशी गाडी शेवटपर्यंत नीट नेणं हेच काम होतं आणि ते त्याने केलं. २०१० मध्ये त्याला पद्मश्री मिळाली.

त्याच्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला दुसरा भारतीय करुण चांढोक, २०१० मध्ये. तिसरा अजून झालेला नाही. मुंबईचा जेहान दारूवाला आणि बेंगळुरूचा कुश मैनी यांनी फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, म्हणजे शेवटच्या दारापर्यंत दोघेही गेले.

तिसरा का झाला नाही?

जागा किती आहेत ते बघा. २०२६ पासून ११ संघ झाले, म्हणजे सगळ्या जगातून २२ ड्रायव्हर. शिवाय सुपर लायसन्स, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये उतरायचा परवाना लागतो. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि खालच्या मालिकांतून तीन वर्षांत ४० गुण मिळवलेले हवेत. युरोपातलं पोरगं आठव्या वर्षापासून दर आठवड्याला कार्ट चालवतं. आपलं पोरगं वर्षातून चारदा कोल्हापूरला गेलं तरी आपण खूश असतो. फरक तिथे पडतो, ट्रॅकवरच्या तासांत.

खर्च किती येतो?

भाड्याच्या कार्टवर दहा मिनिटं फिरायला काहीशे रुपये. स्वतःची रेसिंग कार्ट, टायर, प्रवास, संघाची फी धरून राष्ट्रीय स्पर्धेचा हंगाम लाखांत जातो. कार्टिंगनंतरची पायरी म्हणजे फॉर्म्युला फोर, तिथून पुढे युरोपात गेलात की कोटी सुरू होतात, आणि फॉर्म्युला टूचा एक हंगाम वीस कोटींच्या वर जातो. केळीची बाग विकून हे जमत नाही. हे मी बापाच्या तोंडावर सांगतो, कारण रावेरच्या एका गृहस्थांनी खरंच जमिनीचा विषय काढला होता. पोरगं अकरा वर्षांचं होतं आणि कार्टमध्ये एकदाही बसलेलं नव्हतं.

बाइकचा रस्ता स्वस्त आहे. टीव्हीएस, होंडा, रॉयल एनफिल्ड यांच्या वन मेक स्पर्धांत सगळ्यांना एकाच जातीची बाइक मिळते आणि ती कंपनीच तयार करून देते. निवड फेरी पार केली की मोठा खर्च अंगावर येत नाही. ज्याच्याकडे हुन्नर आहे आणि पैसा नाही, त्याला मी आधी हेच दार दाखवतो.

गरीब घरातून कुणी मोठा रेसर झालाय का?

झालेत. मायकेल शूमाकरचे वडील गवंडीकाम करायचे, शिवाय केर्पेन गावातला कार्ट ट्रॅक सांभाळायचे. आई तिथल्या कँटीनमध्ये. श्रीमंतांच्या पोरांनी टाकून दिलेले टायर लावून मायकेल धावायचा आणि त्यांनाच हरवायचा. पुढे त्याने मोटार मेकॅनिकचं रीतसर शिक्षण घेतलं. सात वेळा विश्वविजेता झालेला माणूस आधी पाना धरायला शिकला होता, हे मी गॅरेजमधल्या पोरांना मुद्दाम सांगतो.

लुईस हॅमिल्टनचे वडील अँथनी पोराच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी तीन-चार कामं करत. लुईस दहा वर्षांचा असताना एका बक्षीस समारंभात मॅक्लारेनच्या रॉन डेनिस यांच्यासमोर जाऊन म्हणाला, मला तुमची गाडी चालवायचीय. १९९८ मध्ये मॅक्लारेनने त्याला आपल्या योजनेत घेतलं, २००७ मध्ये तो त्यांच्याकडूनच फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्याचीही विश्वविजेतेपदं सात.

विश्वविजेता झालेल्या ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाची गोष्ट उलटी. घर श्रीमंत, पण घरच्यांचा विरोध. त्याने बँकेचं कर्ज काढून संघात जागा विकत घेतली आणि ते कर्ज फेडायच्या ओझ्याखाली गाडी चालवली. हा किस्सा सांगितला की पोरांचे डोळे चमकतात आणि बापाच्या कपाळावर आठ्या पडतात. बापाचं बरोबर असतं. लाउडाला जमलं म्हणून त्याचं कर्ज आपल्याला माहीत आहे.

सुरुवातीचं वय काय? लायसन्स कुठलं लागतं?

कार्टिंग सात-आठ वर्षांपासून, फॉर्म्युला फोर १५ पासून. स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआय म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांचा महासंघ देतो, वैद्यकीय तपासणीनंतर. रॅलीसाठी मात्र आरटीओचं नेहमीचं लायसन्सही हवं, कारण एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना साध्या रस्त्यानेच जावं लागतं, वाहतुकीचे सगळे नियम पाळून.

मुलींसाठी काही वाट आहे का?

आहे, आणि ती इतरांनी चालून मळवलेली आहे. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये एफआयएम म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक महासंघाच्या बाहा (मोकळ्या रानातल्या शर्यतींच्या) विश्वचषकात महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. मोटर स्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. आदल्या वर्षी स्पेनमध्ये पडून तिच्या स्वादुपिंडाला गंभीर दुखापत झाली होती. त्यातून उठून ती परत बाइकवर बसली. पुण्याच्या डायना पंडोलेने २०२४ मध्ये सलून, म्हणजे नेहमीच्या बंद टपाच्या गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, दोन मुलांची आई असताना. बडोद्याची मीरा एरडा लहानपणी कार्टिंगपासून सुरू झाली आणि एक आसनी गाड्यांपर्यंत गेली. बडोदा नंदुरबारपासून किती लांब आहे?

आतापर्यंत माझ्याकडे दोनच मुली चौकशीला आल्या. दोघींच्या सोबत आई होती, वडील नव्हते. त्यातली एक अमळनेरची. बाइकचं कार्बोरेटर तिने माझ्यासमोर उघडलं, साफ केलं आणि न विचारता परत बसवलं. अशा मुलीला कुणी अडवू नये, इतकंच माझं मागणं आहे.

गाडी चालवायची नाही, पण रेसिंगमध्येच काम करायचंय. जमेल का?

हा प्रश्न दहात एखादाच विचारतो. खान्देशातल्या पोरासाठी खरी वाट मला इथेच दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका ड्रायव्हरमागे केवढी माणसं असतात ते पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या थांबतात त्या जागी, उभं राहिल्यावर कळतं. मेकॅनिक, टायरवाले, डेटा बघणारे, रेस इंजिनिअर, डावपेच आखणारे. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनच्या पोरांनी लँडो नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. जागतिक विक्रम. त्यातल्या कुणाचं नाव आपल्याला माहीत नाही, पण ते हंगामभर रोज याच कामाचा सराव करतात.

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला पोरगा रॅलीच्या सर्व्हिस क्रूमध्ये शिरू शकतो. पगार सुरुवातीला साधाच असतो, आणि हंगाम संपला की दुसरं काम बघावं लागतं. मी ते केलंय. रात्री तंबूत, हेडलाइटच्या उजेडात, घड्याळ चालू असताना गिअरबॉक्स उतरवायचा. मिळालेल्या वेळेपेक्षा मिनिटभर उशीर झाला की ड्रायव्हरला दंडाचे सेकंद बसतात, म्हणजे माझ्या ढिलाईची शिक्षा त्याला. पहिल्या रॅलीत माझ्याकडून एक नट अर्धवट आवळला गेला होता. बरोबरच्या जुन्या मेकॅनिकने शेवटचा हात फिरवला म्हणून तो सापडला. तेव्हापासून आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारतो, आमच्या गॅरेजमधल्या ट्रॅक्टरवरसुद्धा.

इंजिनिअरिंगला असाल तर बाहा एसएई इंडिया आणि फॉर्म्युला भारत ही नावं लिहून ठेवा. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी आखायची, बांधायची आणि तज्ज्ञांसमोर धावायला आणायची. बाहाची स्पर्धा २००७ पासून पिथमपूरला भरत आलीय. पिथमपूर म्हणजे आपलंच अंगण. धुळ्याहून आग्रा रोड धरला, शिरपूर, सेंधवा ओलांडलं की चार-पाच तासांत पोहोचता. तिथेच नॅट्रॅक्स आहे, गाड्यांच्या चाचणीचं केंद्र. २०२१ मध्ये सुरू झालेला तिथला हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. चाचणीच्या क्षेत्रात जन्मभराचं काम आहे, आणि ते रेसिंगच्या सगळ्यात जवळचं आहे.

पुढे शिकायचं तर इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठांत मोटर स्पोर्ट इंजिनिअरिंगचे खास अभ्यासक्रम आहेत. बहुतेक फॉर्म्युला वन संघांचे कारखानेही त्याच देशात. एड्रियन न्यूईने साउथॅम्प्टनला विमानशास्त्र शिकून रेसकार आखायला घेतल्या. विल्यम्स, मॅक्लारेन, रेड बुल, तिन्ही संघांना त्याच्या गाड्यांनी अजिंक्यपद दिलं. रेड बुलच्या डावपेचांत हॅना श्मिट्झचा शब्द चालतो. ती केंब्रिजची मेकॅनिकल इंजिनिअर.

नेव्हिगेटरचं काम नेमकं काय असतं?

रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून रस्ता वाचून दाखवणं. रॅलीआधी रेकी म्हणजे रस्त्याची पाहणी करताना प्रत्येक वळणाची नोंद होते: डावीकडे, किती तीव्र, पुढे चढ, चढामागे लगेच उजवीकडे. शर्यतीत ड्रायव्हर डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर जास्त विसंबतो. ओळ चुकली की गाडी दरीत. केरळच्या कासरगोडचे मूसा शरीफ या कामात ३०० हून अधिक रॅली धावलेत. थंड डोकं, स्पष्ट आवाज आणि हलत्या गाडीत वाचताना न मळमळणारं पोट, या तीन गोष्टी हव्यात. कन्नड घाटात मागच्या सीटवर बसून पुस्तक वाचता येतं का, ते आधी बघा.

मार्शल व्हायला काय लागतं?

प्रशिक्षण आणि वेळ. बहुतेक ठिकाणी हे स्वयंसेवेचं काम आहे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे असले तर ट्रॅक निसरडा. ट्रॅकच्या इतक्या जवळ उभं राहायला दुसऱ्या कुणालाच मिळत नाही. ज्याला हा खेळ आतून समजून घ्यायचाय, त्याने एक हंगाम झेंडा धरावा.

अपघाताची भीती वाटते. खरं सांगा, किती धोका आहे?

धोका आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा १३ वर्षांचा रायडर शर्यतीत पडून दगावला. ही गोष्ट मी प्रत्येक आईबापाला सांगतो. ती लपवून पोराला ट्रॅकवर पाठवणं मला जमणार नाही.

सुरक्षा प्रत्येक वेळी कुणाच्या तरी जिवाची किंमत मोजून सुधारली आहे. १९७६ मध्ये न्युर्बुर्गरिंगला लाउडाची गाडी पेटली, तेव्हा मागून आलेल्या ड्रायव्हरांनीच थांबून त्याला बाहेर ओढलं. सहा आठवड्यांत तो मोंझाला परत गाडीत बसला आणि चौथा आला, जखमा ओल्या असताना. १९९४ मध्ये इमोलाला सलग दोन दिवसांत रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले, आणि त्यानंतर गाड्या, ट्रॅक, भिंती सगळ्यांचा नव्याने विचार झाला. २०१४ मध्ये सुझुकाला ज्यूल्स बियांकीचा अपघात झाला, पुढच्या वर्षी तो गेला. २०१८ पासून डोक्याभोवती हॅलो नावाची धातूची कमान सक्तीची झाली. सुरुवातीला बऱ्याच जणांनी तिला नाकं मुरडली. मग २०२० मध्ये बहरीनला रोमां ग्रोझाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, पेटली, आणि २८ सेकंद आगीत राहून तो स्वतः चालत बाहेर आला. हात भाजले, पण जगला. हॅलो नसती तर डोकं कठड्याला लागलं असतं.

म्हणून हेल्मेट, सूट, बूट, मानेचं संरक्षण यांत एक रुपयाही वाचवायचा नाही. सेकंडहँड हेल्मेट तर अजिबात नको. ते आधी आपटलंय का, हे बाहेरून दिसत नाही.

ट्रॅक मिळेपर्यंत हायवेवर रात्री सराव केला तर?

नाही. आमच्या वर्गातला एक पोरगा असाच लळिंगच्या उतारावर जिवानिशी गेला. पैज शेवभाजीच्या जेवणाची होती. समोरच्या ट्रकवाल्याची काही चूक नव्हती, पण पुढे कित्येक महिने तोही गाडीवर बसू शकला नाही.

कायदाही सांगून ठेवतो. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा सापडलात तर १०,००० आणि एक वर्षापर्यंत. अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्याला रेसिंग करायचंय, त्याने स्वतःचाच रस्ता बंद करून घेतला.

शरीर कसं कमवायचं?

मान, पोट, दम. फॉर्म्युला वन गाडीत वळणावर पाच जीपर्यंत जोर येतो, म्हणजे हेल्मेटसकट डोकं पाचपट जड. गरम शर्यतीत दोन-तीन किलो घाम जातो. २०२३ च्या कतारमध्ये लोगन सार्जंटला उष्म्यामुळे शर्यत सोडावी लागली. आपल्याकडे भुसावळचा मे महिना आहे, त्याची भीती नको, पण माजही नको. पहाटे पळा, पाणी आणि मीठ सांभाळा, दुपारी एक वाजता गच्चीवर व्यायाम करून मर्दुमकी दाखवू नका.

मोबाइलवर आणि सिम्युलेटरवर खेळून रेसर होता येतं का?

मोबाइलवर नाही. चांगल्या सिम्युलेटरवर स्टिअरिंग आणि पेडल घेऊन शिकलेलं मात्र उपयोगी पडतं. जान मार्डनबरो २०११ मध्ये व्हिडिओ गेममधून ड्रायव्हर निवडणारी निस्सानची जीटी अकादमी स्पर्धा जिंकला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला. मधल्या दोन वर्षांत त्याला खऱ्या गाडीत खूप घासलं, हे पोरं सोयीने विसरतात.

रेसिंग संपल्यावर काय?

कार्तिकेयनने जपानमध्ये २०१९ पर्यंत शर्यती केल्या आणि मग जुन्या दुचाकींच्या खरेदी-विक्रीची कंपनी काढली. चांढोक समालोचक झाला. लाउडाने विमान कंपनी काढली. इटलीचा रेसर अॅलेक्स झनार्डीचे २००१ च्या अपघातात दोन्ही पाय गेले, त्यानंतर त्याने हँडसायकलवर पॅरालिंपिकची चार सुवर्णपदकं जिंकली.

शाळा सोडू का?

नाही. गणित आणि इंग्रजी दोन्ही लागतील.

मग उद्यापासून काय सुरू करू?

एक वही करा. कोल्हापूरला कार्टवर एक दिवस घालवा आणि प्रत्येक फेरीची वेळ त्यात लिहा. महिन्याने परत जा, वेळ कमी झाली का बघा. किती कमी झाली आणि कुठल्या वळणावर, हे पोराला स्वतःला सांगता येत असेल तर पुढचं बोलू. नुसतं "लई भारी वाटलं" म्हणत असेल तर अजून थोडं थांबा.

माझ्या गॅरेजमध्ये मागच्या बाजूला मारुती ८०० चं एक इंजिन स्टँडवर ठेवलेलं आहे, पोरांनी खोलून परत बसवण्यासाठीच. त्याचे पैसे घेत नाही. रविवारी सकाळी आठला या, जुने कपडे घालून, आणि डबा सोबत आणा, कारण पहिल्या दिवशी कुणाचंच दुपारपर्यंत होत नाही.